आदितारकांची साक्ष

विश्वाला आरंभ होता काय, हा प्रश्न शतकानुशतके तत्त्वचिंतकांचा मानला गेला. विसाव्या शतकात तो वेधशाळेत आला. दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने त्या दूर सरतात, हे १९२९ साली हबलने दाखविले. १९६५ साली पेंझियास व विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींची वार्ता दिली. तप्त बालविश्वाची ही निवालेली ऊब होय, असे बहुतेकांनी मानले. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मात्र पर्यायी उपपत्ती मांडून या पुराव्याची उलटतपासणी चालू ठेविली.

ती ऊब मोकळी झाली तेव्हा तारका नव्हत्या. मग पहिली तारका केव्हा उजळली? याचा साक्षीदार हायड्रोजन वायू. त्याची २१ सेंटिमीटरांची रेडिओलहर विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणली जाऊन आज काही मीटर लांबीची होऊन पोहोचते. हायड्रोजनाने केलेल्या शोषणाची अशी खूण, लहर अठरा पट ताणलेल्या स्थितीत, ऑस्ट्रेलियातील उपकरणाने टिपल्याचे अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१८ साली जाहीर केले. विश्वजन्मानंतर सुमारे १८ कोटी वर्षांनी तारका तेवत होत्या, असा त्याचा अर्थ. परंतु ती खूण अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती. ती खरी, तर पदार्थविज्ञानातच नवी भर घालणे प्राप्त होते.

येथे बंगळूरची उलटतपासणी सुरू झाली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापिलेल्या संशोधनसंस्थेत रवी सुब्रह्मण्यन, सौरभ सिंह व सहकाऱ्यांनी ‘सरस’ हे उपकरण घडविले. ही लहर नभोवाणीच्या एफएम पट्ट्याच्या शेजारची. म्हणून शहराचा कोलाहल टाळणे अवश्य. शिवाय जमिनीखालील विषम थर मापनाला फसवितात. पाणी मात्र सर्वत्र सारखे. म्हणून २०२० च्या आरंभी अँटेना तराफ्यावर चढविली गेली आणि दंडिगनहळ्ळीच्या तलावात व शरावतीच्या जलाशयात तरंगत राहिली. गिरसप्पाच्या धबधब्याने ख्यात असलेली शरावती ती हीच.

निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला: ती खूण आढळली नाही. ९५ टक्क्यांहून अधिक खात्रीने तिचा दावा अमान्य ठरला. मापनातील दोषाचाच संभव अधिक दिसला.

यात कोणाचा पराभव नव्हे. विश्वप्रसरणाच्या मूळ पुराव्यालाही यामुळे धक्का पोहोचत नाही. पहिली तारका केव्हा उजळली, एवढाच प्रश्न पुन्हा खुला झाला. खोट्या साक्षीवर उभारलेल्या निर्णयापेक्षा प्रामाणिकपणे खुला ठेवलेला प्रश्न ज्ञानाला अधिक उपकारक असतो, हे त्या शांत पाण्यावरील तराफ्याने दाखवून दिले.