धातूंच्या अंतरंगाचा ध्वनिशोध : श्राव्यातीत चाचणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. रेल्वेच्या चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखण्याची पद्धतही याच अनुभवावर आधारलेली होती. मात्र कानाच्या या परीक्षेत दोष आहे एवढेच समजे. तो नेमका कोठे व किती खोल आहे, हे समजत नसे. या मर्यादेवर कशी मात झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :

इ. स. १८८० मध्ये क्यूरी बंधूंनी दाबविद्युत् परिणाम शोधून काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या साहाय्याने श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेला ध्वनी, निर्माण केला. १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी असा ध्वनी धातूतून आरपार पाठवून दोष शोधण्याची कल्पना मांडली. दोष असेल तेथे पलीकडे पोहोचणारा ध्वनी क्षीण होतो, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु त्यासाठी वस्तूच्या दोन्ही बाजू मोकळ्या असाव्या लागत आणि दोषाची खोली अज्ञातच राही.

स्पंद-प्रतिध्वनी पद्धतीचा उदय :

अखंड ध्वनीऐवजी अत्यल्प काळाचे स्पंद पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपणे, हा यावरील उपाय ठरला. मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोन यांनी अशा उपकरणाच्या पेटंटसाठी १९४० मध्ये अर्ज केला व १९४२ मध्ये ते मंजूर झाले. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. त्यामुळे १० सेंटिमीटर खोलीवरील तड्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे ३४ दशलक्षांश भागात परततो. इतका सूक्ष्म काळ मोजण्यास स्पंद-इलेक्ट्रॉनिकी आवश्यक होती. तिचा विकास तिसऱ्या व चौथ्या दशकांत झाला. कल्पना आणि साधन यांत पडलेल्या अंतराचे हे एक प्रमुख कारण दिसते. याच काळात ब्रिटनमध्ये डोनाल्ड स्प्राउल यांनीही स्वतंत्रपणे असे उपकरण सिद्ध केले.

तंत्र आणि दायित्व :

पुढे रेल्वेचे रूळ, दाबपात्रे, वितळजोड व विमानांचे भाग यांच्या तपासणीत ही पद्धत रूढ झाली. तथापि १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे रूळ फुटून रेल्वेगाडी घसरली व ४ प्रवासी मृत्युमुखी पडले. तो रूळ बदलण्याची गरज आधीच लक्षात आली होती. बदलण्याचे काम मात्र लांबले होते.

निष्कर्ष :

श्राव्यातीत चाचणीचा इतिहास हा केवळ उपकरणांच्या प्रगतीचा इतिहास नाही. कानाला न ऐकू येणारा दोष यंत्राने उघड केला; परंतु त्या इशाऱ्यावर वेळीच कृती करण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली, हे या इतिहासातून स्पष्ट होते.