तळणाच्या जुन्या तेलापासून बायोडिझेल: घरी करावं का, आणि न करायचं तर त्या तेलाचं काय करावं?

रमजानच्या महिन्यात आपल्या घरांत कढई जवळपास रोज चढते. इफ्तारला भजी, समोसे, कबाब, कटलेट असं काहीतरी लागतंच. महिना संपतो तेव्हा ओट्याखाली काळपट तेलाचा एखादा डबा उरलेला असतो. काही घरांत ते तेल पुन्हा पुन्हा गरम करून संपवलं जातं, तर काही घरांत सरळ मोरीत ओतलं जातं. अशात मोबाईलवर व्हिडिओ येतो, "याच तेलापासून घरी डिझेल बनवा, गाडी फुकट चालवा." ज्यांच्याकडे टेम्पो किंवा जनरेटर आहे, त्यांना हा विचार भुरळ पाडणारच.

म्हणून हे डिझेल कसं बनतं, त्यात धोका कुठे आहे आणि हिशोब काय बसतो, हे आम्ही इथे एका जागी देत आहोत. आमचं मत आधीच सांगतो. जुन्या तेलापासून डिझेल बनतं, हे खरं आहे. पण ते राहत्या घरात बनवू नये. तेल मात्र फेकूही नये आणि पुन्हा पोटातही घालू नये.

बायोडिझेल म्हणजे काय?

तेलावर डिझेल इंजिन चालतं ही गोष्ट नवी नाही. 1900 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कच्चं खाद्यतेल फार जाड असतं. आजच्या इंजिनाचे बारीक नोझल त्याने चोंदतात. म्हणून आधी तेल पातळ करावं लागतं.

तेलाचा प्रत्येक कण म्हणजे एका ग्लिसरीनला चिकटलेली फॅटी ॲसिडची तीन लांब शेपटं. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घातला की ही शेपटं ग्लिसरीनपासून सुटतात आणि मिथेनॉलला जोडली जातात. सुटलेल्या शेपटांचं जे पातळ द्रव होतं, ते बायोडिझेल. ग्लिसरीन जड असल्याने खाली बसतं. ढोबळमानाने 100 किलो तेल आणि 10 किलो मिथेनॉल घेतलं, तर 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलो ग्लिसरीन मिळतं.

काम कसं चालतं?

प्रयोगशाळेत किंवा छोट्या कारखान्यात साधारण या पायऱ्या असतात.

1. गाळणं आणि पाणी काढणं. तळणाच्या तेलात मसाला, पीठ, मटणाचे कण आणि पाणी असतं. ते गाळून तेल 100 अंशांच्या थोडं वर तापवतात, म्हणजे पाणी उडून जातं. पाणी राहिलं तर डिझेलऐवजी साबण होतो.

2. आंबटपणा तपासणं. तेल जितकं जास्त तळलेलं, तितकं ते जास्त आम्लधर्मी. 1 लिटर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवतात. दुसरीकडे 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 1 मिली तेल मिसळून त्यात सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने घालतात. खूण कळायला फिनॉफ्थॅलिन वापरतात. आपली हळदही चालते, पिवळ्याची तांबूस झाली की थांबायचं. जितके मिली लागले, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलामागे जास्तीचा घ्यायचा.

3. मिसळणं. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण 3.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. जुन्या तेलाला त्यात वरचा जास्तीचा आकडा मिळवतात. हा सोडा 200 मिली मिथेनॉलमध्ये विरघळवून 55 ते 60 अंश तापलेल्या तेलात घालतात आणि तासभर ढवळतात.

4. निवळणं. रात्रभर ठेवल्यावर खाली गडद ग्लिसरीन आणि वर पिवळसर बायोडिझेल असे दोन थर दिसतात.

5. धुणं आणि सुकवणं. वरचा थर कोमट पाण्याने तीन-चार वेळा हलक्या हाताने धुतात, मग त्यातला ओलावा काढतात.

6. तपासणं. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल टाकतात. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचे थेंब बसले तर काम अर्धवट झालेलं असतं.

वाचायला हे एखाद्या पदार्थाच्या कृतीसारखं वाटतं, आणि खरी फसगत तिथेच होते.

धोका कुठे आहे?

पहिला धोका मिथेनॉलचा. ते पाण्यासारखं दिसतं. त्याची वाफ 12 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. 65 अंशांना ते उकळतं आणि इथे तर तेल 55-60 अंशांवर ठेवायचं असतं. पाच अंश इकडेतिकडे झाले की खोलीभर वाफ पसरते. त्याची ज्वाळा उजेडात जवळपास दिसतच नाही. ज्या घरात गॅसची शेगडी आहे, दिवाबत्ती आहे, तिथे हे काम म्हणजे आगीशी खेळ आहे.

मिथेनॉल विषही आहे. दोन-तीन चमचे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळेच. आपल्या घरात दारू येत नाही, तेव्हा आपल्याला काय भीती, असं समजू नका. हे विष श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं मिथेनॉल लहान मूल पाणी समजूनच तोंडाला लावेल. असं कधी घडलं तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. सुरुवातीचे काही तास माणूस बरा दिसतो, आणि तिथेच उशीर होतो.

दुसरा धोका कॉस्टिक सोड्याचा. तो कातडी आणि डोळा जाळतो. अंगावर पडला तर आधी भरपूर साध्या पाण्याने, निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग डॉक्टरकडे जा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नका. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर सोडा कधीच घालू नका. दोघांची क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. आपल्या घरातली मोठी पातेली बहुधा ॲल्युमिनियमचीच असतात.

तिसरी गोष्ट, तळाशी उरलेलं ग्लिसरीन. बाजारात ग्लिसरीन चेहऱ्याला लावायला मिळतं म्हणून हेही लावावं, असं कुणालाही वाटू नये. यात मिथेनॉल आणि सोडा दोन्ही असतात.

हिशोब बसतो का?

समजा, एका कुटुंबाचं महिन्याला अर्धा लिटर तळणाचं तेल उरतं. त्यातून फार तर अर्धा लिटर बायोडिझेल निघेल. छोटा टेम्पो त्यावर सात-आठ किलोमीटर जाईल. यासाठी मिथेनॉल, सोडा, तापवायला गॅस, एक अख्खा दिवस आणि वर सांगितलेला सगळा धोका. शिवाय धुतल्यानंतरचं साबणाचं पाणी कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतोच. फुकटचं डिझेल असं महाग पडतं.

गाडीत घातलं तर?

नीट बनवलेलं बायोडिझेल चांगलं इंधन आहे. धूर कमी होतो, गंधक जवळपास नसतं. पण घरच्या मालाची खात्री कोण देणार? अर्धवट झालेलं तेल इंजेक्टर खराब करतं. उरलेला सोडा आणि पाणी पंप गंजवतात. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप बायोडिझेलने फुगतात आणि मऊ पडतात. टाकीतला वर्षांचा गाळही सुटतो आणि फिल्टर तुंबतो. पामतेलापासून बनवलेलं बायोडिझेल थंडीत लवकर गोठू लागतं. निफाडकडच्या हिवाळ्यातल्या पहाटे गाडी सुरूच होणार नाही. बीएस-6 गाड्यांची इंधनप्रणाली तर फारच नाजूक असते. एक इंजेक्टर बदलायचा खर्च आला की वर्षभराची बचत त्यात गेली.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात मिथेनॉलची खरेदी-विक्री विषासंबंधीच्या नियमांखाली येते. परवान्याशिवाय ते विकत आणून साठवणं चालत नाही. बायोडिझेलसाठी आयएस 15607 हे भारतीय मानक आहे. घरी बनवलेलं इंधन शेजाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला विकणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.

तळणाच्या तेलालाही नियम आहे. तेल तापून तापून त्यात जे खराब घटक तयार होतात, त्यांना टोटल पोलर कम्पाउंड्स म्हणतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. एफएसएसएआयचा हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. जिथे दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागतं, त्या हॉटेल-फरसाणवाल्यांनी जुन्या तेलाची नोंद ठेवायची असते. 2018 सालीच एफएसएसएआयने रूको ही योजना सुरू केली. जुनं तेल गोळा करून ते बायोडिझेलच्या कारखान्यांपर्यंत पोहोचवणं, हा तिचा उद्देश.

मग तेलाचं काय करायचं?

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मोठ्या हॉटेलातलं काळं तेल स्वस्तात विकत घेऊन गाड्यावर त्यातच वडे-समोसे तळले जातात. ते खाणारी मुलं आपलीच असतात, आणि अनेकदा तो गाडाही आपल्याच माणसाचा असतो. तेल बायोडिझेलकडे गेलं तर निदान ते पुन्हा कुणाच्या ताटात येणार नाही. या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा हाच.

घरी एवढं करता येईल:

- तळायला लागेल तेवढंच तेल घ्या. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत भाजी-फोडणीत संपवा.
- तेल काळं पडलं, घट्ट झालं, फेस येऊ लागला, किंवा तापायच्या आधीच धूर निघू लागला, की ते खाण्यातून बाद समजा.
- बाद तेल पूर्ण थंड करून मलमलच्या फडक्याने गाळा आणि झाकणाच्या डब्यात भरा. गरम तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत भरू नका. डब्यावर "खाण्यासाठी नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा.
- मोरीत ओतू नका. ते पाइपमध्ये थिजतं आणि सगळ्या चाळीची लाइन तुंबवतं.
- एका घराचं अर्धा लिटर न्यायला कुणी येणार नाही. पण पन्नास घरांचं मिळून 25 लिटर होतं. रमजाननंतर किंवा लग्नसराईत मोहल्ल्याने, सोसायटीने किंवा बचत गटाने एक पिंप ठेवावं आणि रूकोखाली नोंद असलेल्या गोळा करणाऱ्याला बोलवावं. अशा लोकांची यादी एफएसएसएआयकडे मिळते.
- वलीमा किंवा कुठलंही मोठं जेवण ठरवताना केटररला आधीच विचारा, "भाई, उरलेलं तेल कुठे जाणार?" हा प्रश्न विचारला जातो हे कळलं, तरी बराच फरक पडतो.

आणि घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला खरंच बायोडिझेल करून बघायचं असेल, तर मन मोडू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सर किंवा मॅडमच्या देखरेखीखाली, चष्मा-हातमोजे घालून शंभर मिली तेलावर करू द्या. ओट्याखालच्या त्या काळ्या डब्यातलं तेल तिथेच सर्वात चांगलं कामी येईल.