गिगाफॅक्टरी

वर्षाला निदान एक गिगावॉट-तास क्षमतेच्या बॅटऱ्या बनवणारा कारखाना. एवढ्या बॅटऱ्यांत साधारण १५ ते २० हजार विजेच्या मोटारी निघतात. टेस्ला कंपनीच्या अमेरिकेतील नेवाडाच्या कारखान्यामुळे हा शब्द रूढ झाला.

असा कारखाना पैशाने उभा राहतो. चालतो मात्र उताऱ्यावर. साखर कारखान्यात उसाचा उतारा पाहतात, तसा इथे बनलेल्या सेलपैकी विकण्याजोगे किती, हे पाहतात. लिथियम-आयन सेलसाठी सुमारे १० मायक्रॉन जाडीच्या, केसाहून कितीतरी पातळ अशा तांब्याच्या वर्खावर ग्राफाइटचा लेप देतात, तर ॲल्युमिनियमच्या वर्खावर अनेकदा निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या संयुगाचा. लेप वाळवून, रुळांखाली दाबून त्याच्या पट्ट्या कापतात. लेप जाड-पातळ झाला की सेल भंगारात जातो. धातूचा बारीक कण अडकून राहिला, तर पुढे मोटारीत शॉर्टसर्किटची भीती. दमटपणा हा दुसरा वैरी. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराला पाणी लागले की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. म्हणून जुळणी कोरड्या दालनात होते आणि तिथे माणसांच्या श्वासातली वाफसुद्धा हिशेबात धरावी लागते. सेल पहिल्यांदा भारित करून काही दिवस, कधी आठवडे ठेवून तपासतात. तोवर लेपातली चूक हजारो सेलमध्ये गेलेली असते.

स्वीडनमधील नॉर्थव्होल्टची कहाणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. टेस्लात काम केलेले पीटर कार्लसन आणि पाओलो चेरुती यांनी २०१६ मध्ये ही कंपनी काढली. मुबलक जलविद्युत असलेल्या शेलेफ्तिओ या उत्तरेकडच्या गावी डिसेंबर २०२१ मध्ये पहिला सेल तयार झाला. उद्दिष्ट वर्षाला ६० गिगावॉट-तासांचे. २०२३ चे उत्पादन एक गिगावॉट-तासही भरले नाही. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे दोन अब्ज युरोंची मागणी रद्द केली आणि १२ मार्च २०२५ रोजी कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कारखान्याच्या भरवशावर वाढलेल्या त्या गावात हजारोंचा रोजगार बुडाला.

पैसा, वीज, गिऱ्हाईक सारे होते. पण उत्पादनावर हात बसण्याआधीच जर्मनी, पोलंड, कॅनडातही कारखान्यांचे बेत आखले गेले, ही चूक मोठी. उलट, चीनची सीएटीएल ही बॅटरी कंपनी ज्या कंपनीतून निघाली, ती त्याआधी दहाएक वर्षे लहान उपकरणांच्या बॅटऱ्या बनवत होती.