हान्सा नगरांच्या वेशी

भगिनींनो, गेल्या उन्हाळ्यात लेक-जावयांच्या आग्रहाने मी उत्तर युरोपातील बंदरांचे जलपर्यटन करून आले, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहेच. जहाजावरील थाटाचे वर्णन करण्याचा माझा विचार नाही. ते एक अनेक मजली तरंगते नगरच होते. त्यात पोहण्याचे तलाव होते, नाटकगृह होते आणि सकाळपासून रात्रीपर्यंत भोजनाची पंगत उठत नव्हती, इतके सांगितले म्हणजे पुरे. परंतु ज्या बंदरांत ते जहाज लागत गेले, त्यांचा इतिहास मात्र आपल्या मंडळाने जाणून घ्यावा असा आहे. कारण तो एका संघाचा इतिहास आहे. तो मी जहाजाच्या क्रमाने न सांगता काळाच्या क्रमाने सांगते.

या संघाचे नाव हान्सा. हान्सा म्हणजे जथा, मंडळी. उत्तर जर्मनीतील व बाल्टिक समुद्राकाठची नगरे बाराव्या-तेराव्या शतकांपासून व्यापाराच्या रक्षणासाठी एकत्र येत गेली. निरनिराळ्या काळी मिळून सुमारे दोनशे नगरे तीत होती. तिला राजा नव्हता, कायमचे सैन्य नव्हते, कायमचे आरमारही नव्हते. तरी राजांनी तिच्याशी तह करावेत एवढे तिचे वजन होते.

तिची राणी म्हणजे ल्यूबेक. इ. स. ११५९ मध्ये हेन्री द लायन या सरदाराने ते नगर नव्याने वसवले आणि १२२६ मध्ये सम्राटाकडून त्याला मुक्त नगराचा दर्जा मिळाला. या नगराची श्रीमंती सोन्याचांदीच्या खाणींतून आली नाही, ती आली मीठ आणि मासळी यांतून. युरोपात ख्रिस्ती लोकांना शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य असे, पण मासे चालत. आपल्याकडे उपवासाला वरी आणि साबुदाणा, तर तिकडे उपवासाला मासे! साऱ्या खंडाला पुरेल इतकी मासळी आणायची कोठून? तर आज स्वीडनच्या दक्षिणेस असलेल्या आणि त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या स्कॅनियाच्या किनाऱ्यावर दर शरदात हेरिंग माशांच्या झुंडी येत. हेरिंग हा आपल्या तारली-पेडव्यांच्याच कुळातला मासा. तो फार लवकर नासतो. म्हणून मीठ हवे. ते ल्यूबेकच्या दक्षिणेस ल्यूनेबुर्ग येथील खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मिळे. ते आणण्यासाठी १३९८ मध्ये एक कालवाही पुरा करण्यात आला. किनाऱ्यावर बसून मासे चिरणे, साफ करणे आणि मीठ घालून पिंपांत थर रचणे हे काम स्त्रिया करीत. आपल्या कोकणच्या बंदरांवर सुक्या मासळीचे काम पाहिलेल्या भगिनींना त्या ओट्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. पण पिंपावर नाव पडे ते व्यापाऱ्याचे.

ल्यूबेकची जुनी वेस आजही उभी आहे. दोन जाड, किंचित कललेले बुरूज आणि मधून रस्ता. शेजारी मिठाची जुनी कोठारे आहेत. ही वेस १४७८ च्या सुमारास पुरी झाली. तिच्यावर एकोणिसाव्या शतकात कोरलेली लॅटिन अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ, ‘घरात एकोपा, बाहेर शांतता.’ वाचून मन प्रसन्न झाले. परंतु घर म्हणजे कोण आणि बाहेर म्हणजे कोण, हा प्रश्न मला पुढच्या प्रत्येक बंदरात पडत गेला.

नॉर्वेतील बर्गेन येथे हान्साची मोठी वखार होती. उत्तरेकडचे सुकवलेले कॉड मासे घ्यायचे आणि त्या बदल्यात धान्य द्यायचे, असा तेथील व्यवहार. लाकडी घरांची ती रांग १७०२ च्या आगीत जळाली आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा बांधली गेली; ती आजही प्रवाशांना दाखवतात. त्या वखारीत राहणारे सारे जर्मन पुरुष अविवाहित असले पाहिजेत, असा नियम होता. स्त्रीला वखारीच्या आवारात राहण्याची मुभा नव्हती. लहान वयात उमेदवारीला आलेली मुले आगीच्या भयामुळे बिनशेगडीच्या खोल्यांत ते थंडीचे महिने काढीत. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी मागे एक निराळे दालन असे. हे ऐकताना मला आमच्या जहाजावरचा वाढपी आठवला. तो गोव्याचा, साष्टीचा. मी मराठीत बोलले तेव्हा तो कोंकणीत उत्तर देई. ‘नव महिने घर ना, माये,’ असे तो हसत हसत म्हणाला होता. थाटाच्या मागे कोणाचे तरी घर रिकामे असते, हे पाचशे वर्षांपूर्वीही तसेच होते.

आता विस्बीविषयी थोडे विस्ताराने सांगते. बाल्टिकमधील गॉटलंड बेटावर हे नगर आहे. त्याभोवती सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा दगडी तट अजून बहुतेक शाबूत आहे. गुलाबांच्या वेली, पडकी चर्चे आणि पलीकडे निळा समुद्र असे ते रमणीय ठिकाण आहे. परंतु हा तट समुद्रावरच्या शत्रूंपेक्षा बेटावरच्याच शेतकऱ्यांविरुद्ध अधिक होता. गॉटलंडचे शेतकरी स्वतंत्र होते आणि पूर्वी स्वतःच्या जहाजांनी व्यापार करीत. नगरातील व्यापाऱ्यांनी तो व्यापार आपल्या हाती घेतला, आणि १२८८ मध्ये नगर व खेडी यांच्यात उघड युद्ध झाले.

त्यानंतर ७३ वर्षांनी, १३६१ च्या जुलैत, डेन्मार्कचा राजा वाल्डेमार बेटावर चालून आला. शेतकरी जमले आणि लढत लढत विस्बीच्या तटापर्यंत मागे हटले. नगराने वेस उघडली नाही. २७ जुलै रोजी तटाच्या अगदी बाहेर सुमारे अठराशे शेतकरी मारले गेले. दोनच दिवसांनी राजाने नगराच्या व्यापारी सवलती पूर्ववत मान्य केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खोदकाम सुरू झाले, तेव्हा सामुदायिक कबरी सापडल्या. एक हजाराहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. कित्येकांच्या अंगावर लोखंडी कड्यांची चिलखते तशीच होती. त्यांत पुष्कळ कोवळी मुले होती, पुष्कळ वृद्ध होते आणि अपंगही होते.

याच तटात ‘कुमारिकेचा बुरूज’ आहे. त्याची दंतकथा अशी की, एका सोनाराची मुलगी वाल्डेमारवर भाळली, तिने त्याला वेस उघडून दिली, आणि नगरवासीयांनी तिला या बुरुजात जिवंत चिणले. भगिनींनो, यातील गंमत पाहा. हाडे सांगतात की वेस बंद होती. कथा सांगते की एका मुलीने ती उघडली. शहाण्या पंचांनी केलेल्या हिशेबाचा दोष एका पोरीच्या माथी मारून तटाआडचे लोक मोकळे झाले. अशा कथा आपल्याकडेही कमी नाहीत.

या घटनेनंतर नगरांनी एकजूट करून वाल्डेमारशी युद्ध केले आणि १३७० च्या श्ट्रालझुंडच्या तहाने स्कॅनियाचे किल्ले पंधरा वर्षांसाठी आपल्याकडे घेतले. हा हान्साच्या वैभवाचा कळस. एस्टोनियातील टॅलिन येथे त्या वैभवाची खूण चांगली जपली आहे. तेथील नगरचौकात १४२२ मध्ये चालू असल्याची नोंद असलेले औषधाचे दुकान आजही चालू आहे. मिरी तर तेव्हा फार मोलाची, ती आपल्या मलबारातून हातोहात तेथवर जाई. आणि लोक हान्साच्या धनिकांना चेष्टेने ‘मिऱ्यांची पोती’ म्हणत. पण टॅलिनच्या नगरसभेत बसणारे जर्मन होते. मूळचे एस्टोनियन लोक ओझी वाहीत किंवा घरकाम करीत.

हळूहळू हेरिंगची रेलचेल ओसरली, डच जहाजे पुढे आली, आणि आसपासची राज्ये बलाढ्य झाली. १६६९ मध्ये ल्यूबेकला शेवटची सभा भरली, तेव्हा अवघ्या नऊ नगरांचे प्रतिनिधी आले. नगरांच्या त्या सभांत स्त्री कधीच बसली नाही. पतीच्या मागे पेढी सांभाळणाऱ्या विधवा मात्र नगरोनगरी होत्या.

शेवटी पोलंडमधील ग्दान्स्क. नदीकाठी १४४४ च्या सुमाराचा लाकडी यारीचा बुरूज आहे; आतील मोठ्या चाकांत माणसे चालत आणि त्या बळावर माल उचलला जाई. १९४५ मध्ये हे जुने नगर बेचिराख झाले. आज दिसते ते लोकांनी पुन्हा उभारलेले आहे. या नगरात मी ज्या वेशीसाठी मुद्दाम गेले, ती मात्र जहाजबांधणीच्या कारखान्याचे साधे लोखंडी फाटक आहे.

अ‍ॅना वालेंतिनोविच या बाई त्या कारखान्यात यारी चालवीत. कामगारांची बाजू मांडतात म्हणून १९८० च्या ऑगस्टात, निवृत्तीला थोडेच महिने उरले असता, त्यांना कामावरून काढले. १४ ऑगस्टला त्यांच्यासाठी संप सुरू झाला. १६ तारखेला व्यवस्थापनाने कारखान्याच्या मागण्या मान्य केल्या. पुढारी लेक वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले आणि कामगार घराकडे निघाले. पण त्यांच्या पाठिंब्यासाठी संपावर आलेल्या इतर लहान कारखान्यांच्या हाती काहीच पडले नव्हते. त्या वेळी अ‍ॅनाबाई, परिचारिका आलिना प्येन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस यांनी फाटकाशी धाव घेतली, फाटके लावून घेतली आणि निघालेल्यांना विनवून थांबवले. आपले झाले म्हणून बाकीच्यांना सोडायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ३१ ऑगस्टला सरकारला करार करावा लागला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना जन्मली.

दोन्ही ठिकाणी वेस बंदच झाली. विस्बीची बंद झाली ती बाहेरच्यांना आत घ्यावे लागू नये म्हणून. ग्दान्स्कची बंद झाली ती आतल्यांनी बाहेरच्यांना विसरू नये म्हणून. संघ किती मोठा, त्याची तिजोरी किती भरलेली, यापेक्षा ही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्या मंडळाच्या या वर्धापनदिनी माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. आपल्या घरी धुण्याभांड्यांना, स्वयंपाकाला येणाऱ्या भगिनी हळदीकुंकवाला दाराशी थांबतात आणि वाण घेऊन जातात. सभासदांच्या यादीत त्यांतील एकीचेही नाव नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय घ्यावा आणि त्यांच्या सवडीची वेळ पाहूनच सभा ठेवावी.