सेवाभावी संस्थांतील कर्मचारी-साहाय्य व कामगिरी

सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायट्या आणि कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील कंपन्या यांतील कार्यकर्त्यांना मिळणारे वेतन वा मानधन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा आणि आजारपणात किंवा मुलांच्या शिक्षणासाठी दिलेली उचल यांना मिळून कर्मचारी-साहाय्य म्हणतात. कामाचा दर्जा, सातत्य आणि कार्यकर्ता टिकून राहणे या गोष्टी त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नावरचा गाजलेला वाद पुण्यात झाला. 1884 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या वेतनावर, दीर्घ काळ सेवा देण्यास बांधलेले असत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा जास्तीत जास्त 75 रुपयांवर 20 वर्षांच्या सेवेचे बंधन पाळले. सदस्यांची वेतनवाढ, अडचणीच्या वेळची मदत आणि बाहेरची कमाई यांवरून लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्यात तीव्र मतभेद झाले. टिळकांना कडक त्याग अपेक्षित होता, तर आगरकरांना सदस्यांच्या संसाराची ओढाताण दिसत होती. 1890 मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्यामागे इतर कारणांबरोबर हा वादही होता. आगरकरांनी मांडलेली अडचण आजही जशीच्या तशी उभी आहे, कारण त्याग कार्यकर्ता स्वीकारतो पण त्याचा भार घरच्यांवर पडतो. गोखल्यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवू नये ही अट घातली. त्याच्या व कुटुंबाच्या चरितार्थाची तजवीज मात्र समाजाने ऐपतीप्रमाणे करायची होती.

1980 च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीने ही जबाबदारी एका संस्थेपुरती न ठेवता समाजाकडे नेली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव आदींच्या पुढाकाराने आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगावी करून पैसा उभारण्यात आला आणि त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. रक्कम लहान असली तरी ती कोणत्याही प्रकल्पाला बांधलेली नव्हती, हे या योजनेचे मोठेपण. प्रकल्प संपला की पगार थांबतो आणि अनुभवी माणूस निघून जातो. हा धोका येथे टळला.

वसई तालुक्यात विधायक संसद (1979) व श्रमजीवी संघटना (1982) यांचे काम उसगाव येथून आदिवासी पाड्यांवर पसरले. याच तालुक्यात चिंचोटी नाक्यावरून कामण-भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कारखाने व गोदामे आहेत. अशा पट्ट्यात पाड्यावर फिरणाऱ्या तरुणाला नियमित पगाराची दुसरी वाट रोज समोर दिसते. प्रवासखर्चसुद्धा खिशातून करावा लागत असेल तर त्याने कामाला चिकटून राहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आर्थिक चिंता थेट कामात उतरते, हे ओडिशातील पत्रावळी करणाऱ्या मजुरांवरील प्रयोगात दिसले: काहींना मजुरीचा भाग आधी दिल्यावर त्यांचे उत्पादन वाढले आणि कामाकडचे लक्षही सुधारले. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडले, की अपुऱ्या वेतनाने असमाधान येते, पण खरी प्रेरणा कामातून व त्याच्या कदरीतून येते. म्हणून सेवाभावी संस्थेत लक्ष्यपूर्तीच्या बक्षिसापेक्षा वेळेवर मिळणारा पगार अधिक मोलाचा ठरतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांना 1965 च्या बोनस कायद्यातूनही वगळलेले होते.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला 1952 च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी, तर दहा किंवा अधिक असल्यास 1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटी लागू झाली. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये हे कायदे एकत्र करण्यात आले. लहान संस्था या संख्येच्या आतच राहतात, त्यामुळे त्यांच्या कार्यकर्त्याचे म्हातारपण संचालकांच्या सद्भावनेवर सोडलेले असते. 2020 मध्येच परकीय देणग्यांतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. शिक्षक, डॉक्टर, प्रशिक्षक यांचे पगार या मर्यादेबाहेर राहतात. हिशेबनीस आणि व्यवस्थापनासाठी नेमलेली माणसे मात्र तिच्या आत येतात, आणि कात्री प्रथम त्यांच्याच पगाराला लागते.