इवल्या संगणकांची बखर

वेस्ट मांबलममधील आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याची एक पेटी आहे. तळातील टाकीचे पाणी गच्चीवर केव्हा चढवावयाचे आणि मोटार केव्हा थांबवावयाची, हे ती पेटी ठरवीत असे. एका ईशान्य मोसमी पावसात वीज कडाडली आणि पेटी मुकी झाली. दुरुस्तीस आलेल्या माणसाने आतील हिरवी पट्टी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "बोर्ड नल्ला इरुक्कु, सार्. प्रोग्राम पोच्चु." चार वर्षांच्या वास्तव्यात एवढे तमिळ मला कळू लागले आहे. पट्टी ठीक आहे. तिच्यातला प्रोग्राम गेला. तो पुन्हा भरावा म्हटले, तर पेटी बनविणारी पेढी केव्हाच बंद पडलेली, आणि मूळ आज्ञावली कोणापाशी उरली आहे हे कोणासच ठाऊक नाही. चांगली, धडधाकट चिप. पण तिला बोलते करणारी अक्षरे हरवली म्हणून ती केराच्या टोपलीत जाणार!

प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु धुलाईयंत्रापासून उपग्रहापर्यंत हरएक उपकरणाच्या पोटात आज असा एखादा इवला संगणक बसलेला आहे, आणि त्याची आज्ञावली कोण रचतो, कोठे रचतो व ती कोणाच्या हाती राहते, याचा इतिहास चिपेच्या इतिहासाहून कमी रंजक नाही.

या संगणकांची पहिली अडचण अशी की, त्यांची आज्ञावली त्यांच्यावर तयार होऊच शकत नाही. जागा अपुरी, बळ अपुरे. स्वयंपाक एका घरी आणि जेवण दुसऱ्या घरी, असा हा डबेवाल्यांचा व्यवहार आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अपोलो यानांसाठी जो संगणक रचला, त्याच्या कायम स्मरणात ३६,८६४ शब्द मावत आणि बदलत्या स्मरणात अवघे २,०४८. आज्ञावली मोठ्या संगणकावर जुळविली जाई आणि मग वॉल्थॅम येथील रेथिऑनच्या कारखान्यातील स्त्रिया ती अक्षरशः विणीत. तार चुंबकी कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. येवल्याच्या मागावर बसणाऱ्याला हे काम परके वाटले नसते. विणलेली चूक उसवणे फार महाग पडे, म्हणून उड्डाणाच्या कित्येक महिने आधीच आज्ञावलीस कुलूप लावावे लागे.

१९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. एका जपानी कंपनीच्या आकडेमोड-यंत्रासाठी ती मुळात रचलेली होती. तेथून इवले संगणक स्वस्त होत गेले. मात्र त्यांच्या आज्ञावल्या ज्याच्या त्याच्या तिजोरीत राहिल्या. हा दरवाजा किलकिला झाला तो अन्य दिशेने. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर, म्हणजे माणसाच्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुभाषा, सर्वांस खुला केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पुढे ब्रूस पेरेन्स यांनी १९९५-९६ च्या सुमारास 'बिझीबॉक्स' लिहिले. एका फ्लॉपीवर लिनक्स मावावे म्हणून डझनावारी छोटी साधने त्यांनी एकाच आज्ञावलीत कोंबली. फ्लॉपी गेल्या, पण ही गाठोडी बांधण्याची कला इवल्या संगणकांच्या कामी आली.

ही कला म्हणजे काय, हे बदलीच्या नोकरीतील वाचकांस निराळे सांगावयास नको. नागपूरचे बिऱ्हाड मद्रासला हलविताना ट्रकमध्ये काय चढवावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, हा जो निर्णय, तोच येथे. लिनक्सच्या गाभ्यात हजारो पर्याय असतात. प्रत्येकापुढे हो किंवा नाही म्हणावयाचे. छापखान्याचे यंत्र नाही, मग त्याचा चालक वगळा. पडदा नाही, चित्रे वगळा. उरलेल्याची याद्यांसह रचना करावयाची. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे याचा तक्ता गाभ्याच्या हाती द्यावयाचा, आणि वीज येताच सर्वांत आधी जागा होऊन इतरांस उठविणारा एक लहानसा प्रोग्राम दाराशी बसवावयाचा. २००१ साली सुरू झालेल्या 'बिल्डरूट'सारख्या साधनांनी हे सारे एका आज्ञेत बसविले. तरीही एक पर्याय चुकला की पट्टी जागी होत नाही. आणि ती का जागी होत नाही हे सांगावयास तिच्यापाशी तोंडही नसते.

या खुलेपणाची किंमत जगास कळली ती एका घरगुती उपकरणामुळे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसने डब्ल्यूआरटी ५४जी हा इंटरनेटचा राऊटर काढला. त्याच्या पोटात लिनक्स आहे हे २००३ मध्ये काही चौकसांनी ओळखले. आणि लिनक्सच्या परवान्याची अटच अशी की, जो उपकरण विकेल त्याने त्या भागाची मूळ आज्ञावलीही द्यावी. कंपनीने ती दिली. अवघ्या ४ मेगाबाइटच्या कायम स्मरणात मावणारी ती आज्ञावली लोकांनी सोडविली, सुधारली, आणि २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' उभे राहिले. २००५ मध्ये त्याच राऊटरच्या नव्या आवृत्तीतून लिनक्स गेले आणि स्मरणही निम्मे झाले. तेव्हा गिऱ्हाइकांची नाराजी एवढी, की जुन्या घडणीचा राऊटर वेगळ्या नावाने पुन्हा विकावा लागला. व्यापाराच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

आता घराजवळ येऊ. मांबलम स्थानकावरून तांबरमच्या लोकलने सैदापेटनंतर गिंडी लागते. तेथून जवळच, पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये स्थापन झालेले आयआयटी मद्रास आहे. प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली तेथे 'शक्ती' प्रोसेसर घडला, बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील ओरेगनच्या इंटेल कारखान्यातून आलेल्या सुमारे ३०० चिपांवर लिनक्स सुरू झाले. त्याच वर्षी चंदीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडलेली चिपही जागी झाली. वृत्तपत्रांनी चिपेचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु मला 'लिनक्स सुरू झाले' हे वाक्य अधिक मोलाचे वाटते. जीसीसीत रिस्क-फाइव्हचा समावेश २०१७ मध्ये झाला होता आणि लिनक्सच्या मुख्य गाभ्यात जानेवारी २०१८ मध्ये. दुभाषा आणि गाभा आधीच वाट पाहत होते. म्हणून नव्या चिपेस जन्मतःच भाषा मिळाली. नुसती स्वदेशी चिप घडवून आज्ञावली परक्याच्या तिजोरीतून आणली असती, तर ती माझ्या जिन्याखालच्या पेटीचीच थोरली बहीण ठरती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील इनर्शियल सिस्टिम्स युनिटसाठी 'शक्ती'वर आधारलेली 'आयरिस' चिप जाहीर झाली. तीही चंदीगडला घडली आणि या आयआयटीतच प्रथम जागी केली गेली. अवकाशात दुरुस्तीला माणूस पाठविता येत नाही. तेथे आतील प्रत्येक ओळ आपल्या वहीत असावी लागते.

असो. इमारतीसाठी रिची स्ट्रीटवरून नवी पेटी आणली. तिच्यातील आज्ञावलीची प्रत मिळेल काय, असे विचारताच दुकानदाराने एक वर्षाच्या वॉरंटीचा कागद पुढे केला. जुनी पट्टी मी शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास दिली. लॅपटॉपवर साठेक ओळी लिहून त्याने त्या तारेवाटे तिच्यात उतरविल्या आणि परवानगी काढून ती मोटारीस जोडली. पहिल्या दिवशी मोटार वेळेवर थांबली. दुसऱ्या दिवशी थांबली नाही. पाणी गच्चीवरून जिन्यात उतरले आणि तळमजल्यावरच्या मामींचे कोलम धुऊन गेले. त्याच रात्री त्याला चूक सापडली, सत्तेचाळिसाव्या ओळीत.