नर्व्ह ब्लॉक : शस्त्रक्रियागृहापासून अपघात विभागापर्यंत

अपघातात हाड मोडलेल्या रुग्णाची पहिली मागणी वेदना थांबावी हीच असते. मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांनी वेदना शमते; परंतु गुंगी येते, मळमळते आणि मात्रा वाढल्यास श्वसन मंदावते. 'नर्व्ह ब्लॉक' पद्धतीत दुखऱ्या अवयवाची संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूजवळच बधिर करणारे औषध टोचले जाते व रुग्ण शुद्धीवर राहतो. हा मार्ग एकोणिसाव्या शतकातच सापडला होता; तरी अपघात विभागात रुळण्यास त्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. या विलंबाची कारणे प्रस्तुत लेखात तपासली आहेत.

पहिली अडचण औषधाची होती. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व रिचर्ड हॉल यांनी चेतातंतूजवळ कोकेन टोचण्याचे प्रयोग आरंभिले. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि दोघेही व्यसनाधीन झाले. हॉल्स्टेड यांनी पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मोठी कीर्ती मिळविली. मात्र कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली व ते व्यसन दीर्घकाळ सुटले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत तयार झालेले प्रोकेन आणि 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी सिद्ध केलेले लिग्नोकेन यांमुळे ही अडचण बरीचशी दूर झाली.

दुसरी अडचण दृष्टीची होती. 1911 साली कुलेनकाम्फ यांनी हासळीच्या हाडावरून सुई घालून संपूर्ण हात बधिर करण्याची पद्धत मांडली. परंतु सुई अंदाजाने जात असल्याने फुप्फुसास इजा होण्याचे भय होते. 1994 साली व्हिएन्नातीलच कॅप्राल व सहकाऱ्यांनी या ब्लॉकसाठी सोनोग्राफीचा उपयोग केला. सुईचा मार्ग व औषधाचा फैलाव पडद्यावर दिसू लागला आणि पुढे सुवाह्य यंत्रांमुळे हे कौशल्य रुग्णखाटेपाशी पोहोचले.

2003 साली इराकमधील युद्धात पायास गंभीर इजा झालेल्या अमेरिकी सैनिकास नलिकेद्वारे सतत नर्व्ह ब्लॉक देण्यात आला. 2011 साली ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने खुब्याच्या अस्थिभंगात पॅरासिटामॉल व अफूजन्य औषधे अपुरी पडल्यास किंवा अफूजन्य औषधांची मात्रा मर्यादित ठेवण्यासाठी नर्व्ह ब्लॉकचा विचार करावा, असे सुचविले. मात्र तो लवकर करावयाच्या शस्त्रक्रियेस पर्याय नव्हे, असेही बजावले.

ही मर्यादा महत्त्वाची आहे. औषधाची मात्रा अधिक झाल्यास झटके येतात, हृदयक्रिया बिघडते. तसेच जखमी पायातील स्नायूंचा दाब वाढत असता धोक्याची सूचना देणारी वेदनाच झाकली जाऊ शकते. म्हणून ब्लॉकपूर्वी संवेदना व हालचाल तपासून नोंदविणे आणि नंतर लक्ष ठेवणे अनिवार्य ठरते.

सारांश, ज्या पद्धतीच्या आद्य प्रयोगकर्त्यांना व्यसनाची किंमत मोजावी लागली, तीच पद्धत आज अफूजन्य औषधांवरील रुग्णाचे अवलंबन कमी करण्यासाठी योजली जाते. कल्पना प्रथमपासूनच योग्य होती. तिला सुरक्षित औषध आणि दिसणारी वाट मिळण्यास मात्र शतक लागले.